अपग्रेडनंतर कमांड रुसल्या? या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीचे कारखाने घ्या, सुताच्या पेढ्या घ्या, नाहीतर एखादा दवाखाना. ऑफिसच्या कोपऱ्यात उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा एक सर्व्हर हमखास सापडतो. बिनबोभाट चालतो म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. मग ‘सपोर्ट संपला’ असं कळतं आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याचं मोठं अपग्रेड उरकलं जातं. उबुंटू 20.04 चा नेहमीचा सपोर्ट मे 2025 मध्ये संपला, त्यामुळे हे काम अनेकांच्या अंगावर एकदमच आलं. अपग्रेड तसं नीट पार पडतं. मशीन रीस्टार्ट होतं, बिलिंग उघडतं, सगळे खूश. रडगाणं सुरू होतं ते दोन-चार दिवसांनी, जेव्हा बॅकअप, रिपोर्ट किंवा फाइल पाठवणारी एखादी स्क्रिप्ट तोंड फिरवते.

अशा वेळी ‘कमांड बिघडली’ असं आपण सर्रास म्हणतो. कमांड धडधाकट असते. ती ज्याच्याशी बोलते तो पुढच्या आवृत्तीवर गेलेला असतो, नाहीतर ती स्वतः पुढे गेलेली असते आणि समोरचा मागे राहिलेला असतो. म्हणून शोध सुरू करायचा तो या प्रश्नापासून: कोण कोणाशी बोलत होतं, आणि आज दोघं कितव्या आवृत्तीवर आहेत? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारता हात चालवल्यामुळे होतात. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या.)

एरर वाचायच्या आधीच पुन्हा इन्स्टॉल करणे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातलं उदाहरण सांगतो. डेटाबेसचं मशीन उबुंटू 22.04 वरून 24.04 वर गेलं, आणि त्यावरचा पोस्टग्रेस हा डेटाबेस 14 वरून 16 वर. रोजचा बॅकअप मात्र अकाउंट्सच्या दुसऱ्या पीसीवरून निघायचा, आणि तो अजून 22.04 वरच होता. अकाउंटंटना विचारलं तर ते म्हणाले, “बॅकअप तर रोज होतंय की वो, तारखेवार फायली बघा की.” फायली खरंच होत्या, एक तारीख चुकलेली नव्हती. फक्त अपग्रेडच्या रात्रीपासून प्रत्येक फाइल 20 बाइटची.

20 बाइट हा आकडा लक्षात ठेवा. फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपच्या हातात काहीच आलं नाही, तरी तो एक रिकामं पाकीट बनवतो, आणि त्या पाकिटाचं वजन 20 बाइट असतं. म्हणजे पोस्टग्रेसचा बॅकअप काढणाऱ्या ‘पीजी_डंप’ने एक ओळही दिली नव्हती. एकदा हाताने चालवल्यावर कारण लगेच दिसलं: सर्व्हरची आवृत्ती 16, पीजी_डंपची आवृत्ती 14, आवृत्ती जुळत नाही म्हणून काम थांबवत आहे. इतकी स्पष्ट एरर रोज रात्री येत होती, पण ती क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) ज्या मेलबॉक्समध्ये टाकतो तो कुणी उघडतच नव्हतं. शिवाय पाइपच्या साखळीत, म्हणजे एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देताना, यश-अपयशाचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो. पीजी_डंप पडला, जीझिपचं काम झालं, म्हणून स्क्रिप्टच्या लेखी सगळं आलबेल. बॅशच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रिप्टमध्ये वरच ‘सेट -ओ पाइपफेल’ ही ओळ टाकली की साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी निकाल अपयशाचा येतो. त्याच्या जोडीला फाइलचा आकार तपासणारी एक ओळ घाला आणि आकार संशयास्पद वाटला तर थेट मोबाइलवर निरोप जाऊ द्या. क्रॉनच्या मेलचा भरवसा धरू नका.

आता अशा वेळी पहिला हात जातो तो पीजी_डंप काढून पुन्हा टाकण्याकडे. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. 22.04 च्या स्वतःच्या पॅकेजेसच्या भांडारात पोस्टग्रेस 14 च आहे, त्यामुळे कितीही वेळा इन्स्टॉल करा, येणार 14 च. त्यावरचा दुसरा अघोरी उपाय म्हणजे सर्व्हरच मागे न्यायचा. तेही जमत नाही, कारण 16 ने तयार केलेली डेटाची डिरेक्टरी 14 उघडतच नाही. सरळ वाट अशी: अकाउंट्सच्या पीसीवर पोस्टग्रेस प्रकल्पाचं स्वतःचं एपीटी (उबुंटूचा पॅकेज-इन्स्टॉलर) भांडार जोडून क्लायंट 16 चं पॅकेज घ्यायचं. नाहीतर बॅकअप डेटाबेसच्या मशीनवरच काढून फक्त फाइल दुसरीकडे न्यायची. मला दुसरी पद्धत जास्त आवडते. तिथे पुढच्या अपग्रेडला दोघं बरोबरच पुढे जातात.

नियम एकाच दिशेने चालतो. पीजी_डंप सर्व्हरच्या बरोबरीचा किंवा नवा असेल तर जुन्या सर्व्हरचाही बॅकअप काढतो. जुना असेल तर नव्या सर्व्हरपुढे हात टेकतो. पण नव्याने काढलेला बॅकअप जुन्या सर्व्हरमध्ये भरता येईल, असं मात्र गृहीत धरू नका. 17 च्या पीजी_डंपची फाइल 16 मध्ये भरायला गेलात की सुरुवातीलाच ‘ट्रान्झॅक्शन_टाइमआउट’ नावाची सेटिंग ओळखता येत नाही, अशी तक्रार येते. ती सेटिंग 17 मध्येच आली आहे. साध्या मजकुरातल्या फाइलमध्ये ती एक ओळ काढून बऱ्याचदा निभावतं. कस्टम फॉरमॅटची फाइल असेल तर बॅकअप परत भरणारा जुना ‘पीजी_रिस्टोर’ फाइलच्या मथळ्यातली आवृत्ती बघूनच नकार देऊ शकतो.

‘मोठी आवृत्ती तीच आहे ना, मग चालतंय’ हेही नेहमी खरं नसतं. ऑगस्ट 2025 मध्ये पोस्टग्रेसने एक सुरक्षा-दुरुस्ती सोडली (16.10, 17.6 वगैरे). तेव्हापासून साध्या मजकुराच्या बॅकअपमध्ये उलटी तिरकी रेघ देऊन ‘रिस्ट्रिक्ट’ अशी एक ओळ येते. त्याआधीच्या ‘पीएसक्यूएल’ला (पोस्टग्रेसमध्ये शिरायच्या कमांडला) ती कळत नाही आणि अवैध कमांड म्हणून तो ओरडतो. दोन्ही बाजूंना 16 च, तरी ही भांडणं. इलाज सोपा आहे, मागे राहिलेल्या मशीनवर नेहमीचे अपडेट घ्या. पण आवृत्ती तपासताना बिंदूनंतरचा आकडाही वाचायचा, हे यावरून कळतं.

टर्मिनलमध्ये आवृत्ती विचारून निश्चिंत होणे

मशीनवर एकाच कमांडच्या दोन-तीन प्रती असणं अगदी नेहमीचं आहे. एक उबुंटूने दिलेली, एक कधीतरी ‘यूएसआर लोकल’मध्ये हाताने टाकलेली, एक घरच्या डिरेक्टरीत. तुम्ही टर्मिनलमध्ये आवृत्ती विचारता तेव्हा तुमच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत) जी आधी सापडते ती उत्तर देते. क्रॉनचा पाथ मात्र आखूड असतो. त्यात ‘यूएसआर बिन’ आणि ‘बिन’ एवढंच असतं, ‘यूएसआर लोकल’ नसतं. म्हणून हाताने चालवलेली स्क्रिप्ट पळते आणि रात्री तीच स्क्रिप्ट गळपटते. मग माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लागतो.

‘विच’ने एकच जागा कळते. ‘टाइप -ए’ला विचारलं तर सगळ्या प्रती दिसतात, वर एखादं उपनाव किंवा फंक्शन मध्ये बसलं असेल तर तेही. आणखी एक बारीक गोष्ट: बॅश एकदा सापडलेला रस्ता लक्षात ठेवतो. अपग्रेडमध्ये कमांडची जागा बदलली आणि तुमचं टर्मिनल आधीपासून उघडं असेल, तर बॅश जुन्याच पत्त्यावर जाऊन ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. ‘हॅश -आर’ मारा, नाहीतर टर्मिनल बंद करून नवं उघडा. यासाठी लोकांनी पॅकेजेस उपटून टाकलेली पाहिली आहेत.

क्रॉन काय बघतो हे जाणून घ्यायचं असेल तर तर्क लढवू नका. एक मिनिटाने चालणारी ओळ क्रॉनमध्ये टाकून तिच्याकडूनच पाथ आणि कमांडची आवृत्ती एका फाइलमध्ये लिहून घ्या, आणि काम झालं की ती ओळ काढा. कायमचा उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहिणे.

सिस्टिमचा पायथन हलवणे

उबुंटू 22.04 मध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा 3.10 आहे, 24.04 मध्ये 3.12. मधल्या काळात डिस्टयूटिल्स हे जुनं मॉड्यूल 3.12 मधून काढून टाकलं गेलं, त्यामुळे कित्येक जुन्या स्क्रिप्ट आणि इन्स्टॉलर पहिल्याच ओळीला आडवे होतात. वैतागून काही जण जुना पायथन आणतात आणि सिस्टिमच्या ‘पायथन3’ची लिंकच त्याच्याकडे वळवतात. स्क्रिप्ट चालते. मग ‘एपीटी_पीकेजी’ हे मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येते, आणि डेस्कटॉप असेल तर टर्मिनलची खिडकीसुद्धा उघडेनाशी होते, कारण उबुंटूची ही साधनं त्याच पायथनवर उभी असतात. आगीतून फुफाट्यात. सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नाही. जुना हवाच असेल तर तो शेजारी ठेवा आणि त्याला त्याच्या पूर्ण नावाने, म्हणजे आवृत्तीच्या आकड्यासकट बोलवा.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका कामाच्या पायथन लायब्ररींचं वेगळं फोल्डर) वापरणाऱ्यांची फसगत वेगळी. त्या फोल्डरमधला पायथन बहुधा सिस्टिमच्या पायथनची नुसती लिंक असतो. अपग्रेडनंतर ती लिंक आपोआप 3.12 कडे बघायला लागते, पण तुमच्या लायब्ररी पडलेल्या असतात 3.10 नावाच्या उपफोल्डरमध्ये. म्हणून सगळं जागच्या जागी दिसतं आणि तरी ‘मॉड्यूल नाही’ येतं. दुरुस्त करत बसू नका, फोल्डर काढून नवं बनवा. अपग्रेडच्या आधी ‘पिप फ्रीझ’ने लायब्ररींची यादी काढून ठेवली असेल तर हे थोडक्यात आटोपतं. यादी नसेल तर त्या 3.10 च्या उपफोल्डरमध्ये लायब्ररींची नावं आणि आवृत्त्या असतात. ती उतरवून घेतल्याशिवाय फोल्डर उडवू नका. नव्या उबुंटूत लायब्ररी बसवणारा ‘पिप’ थेट सिस्टिममध्ये काही टाकू देत नाही, आणि नकार देतानाच तो ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असा एक पर्यायही सुचवतो. नावातच काय ते लिहिलेलं आहे.

एका जुन्या डब्यासाठी सगळी दारं उघडी टाकणे

कारखान्यातला जुना स्टोरेज बॉक्स, जुना राउटर, असल्या वस्तू वर्षानुवर्षं अपडेट होत नाहीत. सर्व्हर 22.04 वर गेला की त्यांच्याशी एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायची पद्धत) जोडताना ‘जुळणारी होस्ट की सापडली नाही, समोरून एसएसएच-आरएसए मिळतंय’ अशी एरर येते. ओपनएसएसएच 8.8 पासून, म्हणजे सप्टेंबर 2021 पासून, एसएचए-1 या जुन्या पद्धतीवर आधारलेली ती सही मुळातच बंद ठेवली आहे. नेटवर सापडणारा तोडगा ती सही सगळ्यांसाठी पुन्हा चालू करायला सांगतो. तसं करू नका. तुमच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका डब्याच्या पत्त्याखाली ती परवानगी द्या. बाकीच्या जोडण्या नव्या नियमाने चालू राहतील.

दुसऱ्या मशीनवर फाइल पाठवणाऱ्या ‘एससीपी’चंही असंच आहे. ओपनएसएसएच 9.0 पासून तो आतून एसएफटीपी ही फाइल पाठवायची वेगळी पद्धत वापरतो. जुन्या डब्यात एसएफटीपी नसेल तर फाइल जात नाही. कॅपिटल ओचा पर्याय दिला की तो जुन्या पद्धतीने पाठवतो.

दोन डेटाबेस शेजारी असताना घाई करणे

हे सगळ्यात धोक्याचं, म्हणून सावकाश वाचा. उबुंटूचं अपग्रेड तुमचा पोस्टग्रेसचा डेटा स्वतःहून पुढच्या आवृत्तीत नेत नाही. ते नवा पोस्टग्रेस शेजारी आणून ठेवतं. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवलंत की दोन ओळी दिसतात: 14 चा क्लस्टर (डेटाचा संच) 5432 या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर), 16 चा 5433 वर. बिलिंगला 5432 माहीत असतो, त्यामुळे ते निमूटपणे 14 वरच चालत राहतं आणि मालकांना वाटतं आपण 16 वर आलो. पीएसक्यूएलला आवृत्ती विचारलीत तर तो स्वतःची, म्हणजे 16 सांगतो. खरं उत्तर डेटाबेसमध्ये शिरताना पहिल्या ओळीत असतं. क्लायंट आणि सर्व्हर वेगळे असतील तर तिथे दोन्ही आकडे छापले जातात.

16 चा तो क्लस्टर रिकामा असतो. खरा डेटा 14 मध्ये. 14 चा डेटा पुढे न्यायचा तर आधी रिकामा 16 काढावा लागतो, ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर’ला 16 आणि मेन (क्लस्टरचं नाव) असं सांगून. इथे बोट चुकून 14 टाइप झालं तर कारखान्याचा डेटा गेला. ही कमांड टाकायच्या आधी दोन्ही क्लस्टरमध्ये शिरून टेबलं डोळ्यांनी बघा, आणि 14 चा ताजा बॅकअप दुसऱ्या मशीनवर पोचलाय ना, त्याचा आकार 20 बाइट तर नाही ना, हेही बघा. मग ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर 14 मेन’. ते पूर्ण झालं की 5432 नव्या क्लस्टरला मिळतो आणि जुना 14 बंद अवस्थेत दुसऱ्या पोर्टवर जाऊन बसतो. उन्हाळ्यात हे काम यूपीएसवर भिस्त ठेवून दुपारी करू नका. वीज गेली तर अर्धवट राहिलेलं निस्तरायला रात्र जाते.

जे खूप मागे, 18.04 वर होते, त्यांच्यासाठी एक जादा खड्डा आहे. 20.04 वर येताना मधल्या जीलिबसी या सिस्टिमच्या मूळ लायब्ररीच्या 2.28 ने अक्षरांचा क्रम लावायची पद्धत बदलली. डेटाबेस बॅकअप-रिस्टोर न करता तसाच उचलून नेला असेल तर मजकुरावरचे इंडेक्स (शोधासाठी लावलेल्या याद्या) जुन्या क्रमाने राहतात. मग एखादी पार्टी संपूर्ण यादीत दिसते आणि नाव टाकून शोधली की सापडत नाही. तिथे ‘रीइंडेक्स’ करावं लागतं.

जुना 14 चा क्लस्टर लगेच काढू नका, जागा खाल्ली तर खाऊ द्या. महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून होऊ द्या, स्टॉकचा रिपोर्ट एकदा जुळू द्या, नव्या 16 चा बॅकअप एखाद्या रिकाम्या मशीनवर भरून उघडतोय का ते पाहा. त्यानंतर 14 काढा, आणि त्याचं पॅकेजही.