भूमध्य सागरी हवामानातली बाग: खत पावसाबरोबर द्या, उन्हाबरोबर नको

कॅलिफोर्नियाचा किनारा, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतला केपचा भाग, नैऋत्य ऑस्ट्रेलिया आणि खुद्द भूमध्य समुद्राचा काठ, या सगळ्या पट्ट्यांत पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. इथली झाडं शरदापासून वसंतापर्यंत वाढतात. पाणी न मिळणारी झाडं उन्हाळ्यात वाढ थांबवतात. तेव्हा खत टाकलं तर ते मुळांना लागत नाही, उलट क्षार साचून पानांच्या कडा करपतात.

पहिले पाऊस पडून जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) आली की काम सुरू करा. उत्तर गोलार्धात ही वेळ साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरची, दक्षिणेत एप्रिल-मेची. चांगलं कुजलेलं कंपोस्ट ५ ते ७ सेंटीमीटर जाडीने पसरा, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. माती उबदार असतानाच हे उरका, कारण गारठ्यात जिवाणू मंदावतात आणि सेंद्रिय खतातलं नत्र (नायट्रोजन) सुटायला वेळ लागतो. नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात लगेच विरघळणाऱ्या नत्राचा, मोठा हप्ता मात्र ऐन पावसात देऊ नका, तो झिरपून मुळांच्या खाली जातो.

लॅव्हेंडर, रोझमेरी, थाइम यांना जवळजवळ काहीच लागत नाही. खत मिळालं की त्या लुसलुशीत वाढतात आणि झुडूप मधून फाटतं. प्रोटिया, बँक्सिया, ग्रेव्हिलिया या दक्षिण आफ्रिका-ऑस्ट्रेलियाकडच्या फुलझाडांबाबत तर हात आखडताच ठेवा. स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या जमिनीतून तो ओढून घेण्यासाठी त्यांच्या मुळांना दाट झुपके असतात, त्यामुळे जादा स्फुरद त्यांना विषासारखा बाधतो. हाडांचा चुरा आणि कोंबडीखत त्यांच्या जवळपासही नको.

खरे खादाड म्हणजे संत्री-लिंबू. पूर्ण वाढलेल्या, फळं देणाऱ्या झाडाला वर्षाला सुमारे ४५० ग्रॅम नत्र लागतं. अमोनियम सल्फेटमध्ये ते २१ टक्के असतं, म्हणजे दोन किलोहून थोडं जास्त. याचे तीन हप्ते करा: पहिला हिवाळा सरताना बहराच्या आधी, शेवटचा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्यानंतर नत्र दिलं तर उशिरा कोवळी पालवी फुटते आणि ती थंडीत सापडते. खत फांद्यांच्या घेराखाली पसरा, आधी आणि नंतर पाणी द्या.

पानं पिवळी दिसली की लगेच नत्राची पिशवी उघडायची सवय सोडा. जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकतं, पण थंड मातीत मुळं सुस्तावल्यानेही तसं होतं आणि ऊब आली की झाड सावरतं. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो बहुधा लोहाचा प्रश्न. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, फेरस सल्फेटही तिथे लवकर निकामी होतं. इडीडीएचए (EDDHA) प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह, तिथे टिकतं, महाग असलं तरी तेच घ्या.

ऑलिव्हला नत्र फुलोऱ्याआधी द्या, तेही बेताने. कंदांना पानं वर आल्यावर एकदा द्या आणि पानं आपोआप वाळेपर्यंत कापू नका. कुंड्यांतलं खत हिवाळी पावसात धुऊन जातं, म्हणून वसंतात त्यांना पातळ द्रवखत थोडं थोडं पण वरचेवर द्यावं लागतं.