चर्च बंद असताना मंडळी कशी सांभाळावी : मुंबईतील मराठी मंडळ्यांसाठी काही अनुभवाचे टिपण

मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचा सभासदवर्ग, क्वचितच एका वस्तीची असते. चर्च भायखळ्याला, परळला किंवा गिरगावात असते आणि सभासद अंबरनाथ, डोंबिवली, नालासोपारा, विरार, पनवेल येथून रविवारी सकाळी तेथे जमतात. गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी जे आजोबा-पणजोबा नगर-जालन्याकडून येऊन चाळींत राहिले, त्यांची नातवंडे जागा परवडेना म्हणून उपनगरांत गेली. नावे मात्र जुन्याच मंडळीच्या रजिस्टरात राहिली. त्यामुळे कोविडसारख्या साथीच्या काळात अशा मंडळीला दोन कुलपे लागतात : एक चर्चच्या दाराला आणि दुसरे लोकलला. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२०ला, म्हणजे पाडव्याला उघडली, पण सर्वसामान्य प्रवाशांना लोकलची मुभा १ फेब्रुवारी २०२१पासून मिळाली आणि तीही ठरावीक वेळांतच. मधल्या अडीच महिन्यांत दार उघडे होते, पण आमच्या निम्म्याहून अधिक सभासदांना तेथवर पोहोचण्याचा सोयीचा मार्ग नव्हता.

त्या काळात आमच्या मंडळीचे चिटणीसपद माझ्याकडे होते. पुन्हा कधी अशी वेळ आली तर पंचांनी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सभासदांनी) आणि पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) कामे कोणत्या क्रमाने हाती घ्यावीत, एवढेच येथे सांगायचे आहे. आमचा क्रम चुकला होता. पहिले तीन आठवडे आम्ही कॅमेरा, माइक आणि यूट्यूब यांत घालवले, आणि चौथ्या आठवड्यात असे कळले की आमचे एक वयोवृद्ध सभासद अकरा दिवस रुग्णालयात होते आणि मंडळीत कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

आधी यादी

म्हणून पहिले काम यादीचे करावे. वार्षिक सभेसाठी काढलेली, वर्गणी भरणाऱ्यांच्या नावांची यादी येथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात कुटुंबप्रमुखाचे नाव असते आणि घरातील माणसे नसतात. दोनशे पानी वही घ्यावी आणि एका कुटुंबाला एक पान द्यावे. पानाच्या माथ्यावर रेल्वे स्थानकाचे नाव लिहावे. खाली घरातील प्रत्येकाचे नाव, वय, फोन, नेहमीची औषधे आणि रक्तगट यांची नोंद करावी. त्याखाली शेजाऱ्याचा फोन लिहावा. हा शेजारी ख्रिस्ती असण्याची काहीच गरज नाही. फोन तीन वेळा वाजून कोणी उचलला नाही, तर समोरच्या दाराची बेल वाजवू शकेल असा माणूस म्हणजे तोच, आणि इमारत सील झाल्यावर दूध आत पोहोचवणाराही बहुधा तोच असतो.

वही पुरी झाली की मंडळीचे गट मार्गानुसार पाडावेत. मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा तीन मार्गांवर स्थानकांचे पट्टे ठरवून प्रत्येक पट्ट्यातील आठ-दहा घरे दोघांकडे सोपवावीत, आणि शक्यतो त्या दोघांत एक भगिनी असावी, कारण घरातल्या पुष्कळ गोष्टी पंचांना सांगितल्या जात नाहीत आणि मावशींना सांगितल्या जातात. या दोघांनी प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा फोन करावा. व्हॉट्सॲपच्या समूहावर बायबलचे वचन टाकले आणि खाली हात जोडल्याची चित्रे आली, म्हणजे विचारपूस झाली असे समजू नये. फोनवर “कसे आहात?” असे विचारले की उत्तर “देवाच्या कृपेने बरे” हेच येते. त्यामुळे प्रश्न नेमका विचारावा : औषध किती दिवसांचे उरले आहे, सिलिंडर आला का, मुलाचा पगार पूर्ण आला का, रात्री झोप लागते का.

वहीची एक प्रत पाळकसाहेबांकडे आणि एक तरुण संघाच्या एखाद्या विश्वासू सभासदाकडे असावी. चिटणीसही आजारी पडतो. मी पडलो होतो.

रविवारची उपासना

वेळ बदलू नये. आमची उपासना साडेनऊला असे आणि ती पडद्यावरही साडेनऊलाच ठेवली, कारण घरात आंघोळ करून, बरे कपडे घालून एका जागी बसण्याची सवय मोडली की ती परत लावणे कठीण जाते. लांबी मात्र कमी करावी. झूमच्या मोफत सभेला चाळीस मिनिटांची मर्यादा असते, आणि संदेश, म्हणजे प्रवचन, आटोपता ठेवावा ही जी गोष्ट पंचांना अनेक वर्षे पाळकसाहेबांकडे काढता आली नव्हती, ती या मर्यादेने पहिल्या महिन्यातच साधली.

गायनाचा प्रश्न मोठा आहे. आवाज इंटरनेटवरून पोहोचायला क्षणभर उशीर लागतो आणि तो प्रत्येक घरी वेगळा असतो, त्यामुळे सर्वांनी एकत्र गायले की सुरांचा नुसता गोंधळ होतो. आमच्या पहिल्या रविवारी प्रभूची प्रार्थना सर्वांनी मोठ्याने म्हटली, तेव्हा “आमेन” सुमारे पंधरा सेकंद येत राहिले. यावर उपाय एकच : गीत एका घरातून गायले जावे आणि इतरांनी आपापला माइक बंद ठेवून घरी मोठ्याने गावे. पेटीवाल्यांनी शुक्रवारीच आपल्या घरी चाल वाजवून तिचे ध्वनिमुद्रण पाठवावे आणि गाणाऱ्या घराने त्यावर सराव करावा. गाणारे घर दर आठवड्याला बदलावे. कोणाच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तरी बिघडत नाही. बायबलचे शास्त्रपाठही निरनिराळ्या घरांतून वाचून घ्यावेत, म्हणजे पडद्यावर एकटे पाळकसाहेब न दिसता मंडळी दिसते.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेला ही रीत विशेष मानवते. २०२०मध्ये तो १० एप्रिलला आला, टाळेबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते. येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांसाठी आम्ही सात वक्ते ठरवले आणि प्रत्येकाला बारा मिनिटांत आपले मनन घरीच मोबाइलवर मुद्रित करण्यास सांगितले. मोबाइल आडवा धरावा, खिडकी पाठीमागे नसावी, आणि पंखा बंद ठेवावा, एवढ्याच सूचना दिल्या होत्या. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून घामाघूम होत “मला तहान लागली आहे” या उद्गारावर बोलणारे आमचे एक पंच अनेकांच्या लक्षात राहिले.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांचा विचार या व्यवस्थेच्या आरंभीच करावा, नंतर नव्हे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकच फोन असतो, दिवसा त्यावर मुलांची शाळा चालते, आणि डेटाही दिवसाला मोजून मिळतो. परळच्या एका आजींकडे बटणांचा साधा फोन होता. तरुण संघातील एक मुलगा दर रविवारी नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांना फोन लावून आपला मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी ठेवी आणि तासभर लाइन चालू ठेवी. आजींचा आवाज मधूनमधून येई. गीताचा आकडा त्या पुन्हा विचारून घेत आणि पुस्तकाची पाने उलटल्याचे ऐकू येई. या सोयीला खर्च काहीच आला नाही, फक्त एका मुलाला आपला फोन तासभर सोडून द्यावा लागला. अशा प्रत्येक वृद्ध सभासदाला एक तरुण नेमून द्यावा आणि वहीत त्याचे नाव लिहावे.

प्रभुभोजन

प्रभुभोजन म्हणजे भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याच्या बाबतीत कोणत्याही मंडळीने स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ नये. आपल्या संप्रदायाची शिस्त काय सांगते ते वरिष्ठांकडून लेखी घ्यावे. कॅथलिक बंधुभगिनी घरून मिस्सा (त्यांची उपासना) पाहताना आत्मिक रीतीने ख्रिस्तशरीराचा स्वीकार करतात, कारण अर्पण केलेली भाकर पडद्यातून देता येत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मतभेद आहेत : काहींनी घरोघरी भाकर व द्राक्षरस ठेवून पाळकांबरोबर विधी केला, तर काहींनी एकत्र येईपर्यंत थांबणे पसंत केले. आमची मंडळी थांबली. मला आजही तो निर्णय योग्य वाटतो, परंतु ज्यांना ते कठोर वाटले त्यांचे म्हणणे पंचांनी पुरेसे ऐकून घेतले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

दान आणि मदत

दानासाठी ट्रस्टच्या बँक खात्याशी जोडलेला क्यूआर कोडच द्यावा. खजिनदारांच्या खासगी क्रमांकावर पैसे घेण्याची सोय एक महिना बरी वाटते आणि हिशेब तपासणीच्या वेळी डोकेदुखी होते. वृद्ध सभासदांवर यूपीआयची सक्ती करू नये. आमच्या एका काकांनी चर्च उघडल्यावर रबराने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा आणून दिला. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने त्या त्या रविवारची तारीख होती आणि एकही रविवार चुकलेला नव्हता.

मदत देताना नावे जाहीर करू नयेत आणि धान्याची पिशवी देतानाचा फोटो तर मुळीच काढू नये. ज्यांनी आयुष्यभर मंडळीला दिले त्यांना घेण्याची पाळी येते, तेव्हा त्यांना शब्दांपेक्षा कॅमेऱ्याची धास्ती अधिक असते. शक्य असेल तेथे पिशवीऐवजी त्यांच्या घराजवळच्या वाण्याचे बिल परस्पर भागवावे. गरज कशाची आहे ते त्या घरालाच ठरवता येते.

आजार, मृत्यू आणि दफन

महानगरपालिकेचा मदत क्रमांक १९१६ आणि आपापल्या विभाग कार्यालयाचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असावा. २०२०मध्ये पालिकेने मुंबईच्या चोवीसही विभागांत वॉर रूम उघडल्यावर खाट मिळवण्याचा मार्ग तेथूनच जात असे. पालिका हद्दीबाहेरच्या सभासदांसाठी ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार इत्यादी महापालिकांचे क्रमांक वेगळे लिहावेत. मुंबईचा क्रमांक घेऊन विरारच्या रुग्णासाठी धावपळ करण्यात आमची एक अख्खी रात्र गेली आहे.

दफनाविषयी पंचांना नियम तोंडपाठ असावेत, कारण त्या वेळी घरच्यांना ते वाचण्याचे भान नसते. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडने मृत झालेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलून पुरेशी मोठी जागा असलेल्या दफनभूमींत दफनाची मुभा दिली. पुढे हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने दफनाला विरोध करणाऱ्या याचिका फेटाळल्या, कारण दफनामुळे रोग पसरतो याला शास्त्रीय आधार आढळला नव्हता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांनुसार देहाला स्नान घालणे, चुंबन घेणे किंवा मिठी मारणे याला मनाई होती. शास्त्रवाचनासारख्या, देहाला स्पर्श न लागणाऱ्या विधींना मनाई नव्हती. त्या काळात ही एक ओळ छापून जवळ ठेवल्यामुळे दफनभूमीच्या फाटकावर आम्हांला दोनदा तरी उपयोग झाला.

अंत्यविधीला वीसच जणांना परवानगी होती, आणि घरचेच विलगीकरणात असल्यावर कित्येकदा चौघेही येऊ शकत नसत. अशा वेळी विधी फोनवरून दाखवावा लागतो. फोन धरणारा माणूस नातलग नसावा. नातलगाचा हात थरथरतो आणि तशा वेळी त्याच्यावर हे काम टाकणेही बरे नव्हे. पाळकसाहेबांनी तारेच्या इअरफोनचा माइक गळ्याशी लावावा, नाही तर शिवडीच्या दफनभूमीतल्या वाऱ्यात एक शब्दही घरी पोहोचत नाही. फोन पूर्ण चार्ज केलेला असावा. माती टाकण्याच्या वेळी प्रत्येक गैरहजर मुलाचे, सुनेचे, नातवाचे नाव घेऊन “यांच्यातर्फे” असे म्हणत एकेक मूठ टाकावी. हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. एका विधीच्या वेळी पडद्यापलीकडून मुलीने विनंती केली आणि त्यानंतर ती रीत पडली. कुटुंबाच्या जुन्या कबरीचा क्रमांक आणि पावती कोठे आहे हे वहीत आधीच नोंदवून ठेवावे.

लग्नांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. पाहुण्यांची मर्यादा पन्नासवरून एप्रिल २०२१मध्ये पंचवीसवर आली, तरी १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला विधी करणाऱ्याखेरीज दोन साक्षीदार पुरतात. हे वराच्या काकांना पटवणे अधिक कठीण होते.

दार उघडल्यावर

केंद्राच्या जून २०२०मधील सूचनांत पासष्ट वर्षांवरील व्यक्ती आणि दहा वर्षांखालील मुले यांनी घरी राहावे आणि गायकवृंदाऐवजी मुद्रित संगीत वापरावे, असे सांगितले होते. म्हणजे चर्च उघडले तरी आजी, संडे स्कूल आणि गायकवृंद हे तिन्ही बाहेरच. म्हणून पडद्यावरची उपासना पहिल्याच रविवारी बंद करण्याची घाई करू नये. आमच्या पंचांनी ती घाई केली आणि दोन आठवड्यांत उपासना परत सुरू केली.

उपासनेची वेळ लोकलकडे पाहून ठरवावी. फेब्रुवारी २०२१मध्ये सामान्य प्रवाशांना पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर मुभा होती. साडेनऊच्या उपासनेसाठी अंबरनाथकरांना सातच्या आत गाडी पकडून तासभर तरी पायरीवर बसावे लागले असते. पडद्यावर वेळ बदलू नये असे वर म्हटले आहे, पण येथे मात्र ती खुशाल दुपारवर न्यावी. एप्रिल २०२१मध्ये प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. दुसऱ्या वेळी आम्हांला सर्व काही पुन्हा उभारावे लागले नाही, कारण फोनची पाळी मधल्या काळात थांबवली नव्हती.

पूर्ववत झाल्यावर तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडून प्रत्येक पानावर पाहावे की या घरातले कोण परत आले नाही. काहींनी घराजवळची मंडळी धरलेली असते, आणि त्यांना सभासदत्वाचा दाखला आनंदाने द्यावा. काहींना आता जिना चढवत नाही. काही जण मात्र अंत्यविधीला आपल्याकडून कोणी आले नाही म्हणून दुखावलेले असतात; तेथे फोन न करता, पाळकसाहेबांना बरोबर घेऊन, घरी जावे.