‘कबूल कर आणि मोकळा हो’ : सही ठोकण्याआधी एवढं बघा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो: ‘कशाला तारखांना हेलपाटे मारतोस? कबूल कर आणि मोकळा हो.’ सांगणारा बहुतेक वेळा वकील नसतोच. गावातला पुढारी असतो, नाहीतर कधीकाळी दंड भरून सुटलेला भाऊबंद. मी इथं फौजदारी कामं करते. माझे बरेच अशील मराठी शाळेत शिकलेले आणि हातातले कागद कन्नड नाहीतर इंग्रजी. कबुली देण्यात वाईट काही नाही. पण कशा पद्धतीनं मोकळं झालात यावर पुढं अपील करता येणार की नाही ते ठरतं, आणि ते सहीच्या आधी कळलेलं बरं.

सगळ्यात आधी राजीनाम्याचं, म्हणजे फिर्यादीशी समेटाचं विचारा. बांधावरची भांडणं, शिवीगाळ, साधी मारहाण असे कितीतरी गुन्हे फिर्यादीशी समेट करून मिटवता येतात. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये त्यांची यादीच आहे. काहींना कोर्टाची परवानगी लागते, काहींना लागत नाही. राजीनामा झाला की कायद्याच्या लेखी तुम्ही निर्दोष सुटता. ‘शिक्षा झाली होती का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिता येतं. परिवहनमध्ये ड्रायव्हरची नोकरी बघणाऱ्या पोराला या एका शब्दाची किंमत मोठी असते. जे राजीनाम्यावर मिटतं ते कबुलीवर मिटवायला निघालेले लोक बघितले की माझा जीव वरखाली होतो.

राजीनामा बसत नसेल तर दुसरी वाट साध्या कबुलीची. चार्ज, म्हणजे तुमच्यावर ठेवलेला आरोप, वाचून दाखवतात, ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारतात, तुम्ही ‘होय’ म्हणता. मॅजिस्ट्रेटनं त्यावर शिक्षा दिली तर वर अपील होतं, पण फक्त शिक्षेपुरतं: ती जास्त आहे, किंवा कायद्यात बसत नाही, एवढंच मांडता येतं. ‘मी केलंच नव्हतं’ हे म्हणायची वेळ गेलेली असते. हे अपील बेळगावला सेशन्स कोर्टात, 30 दिवसांत.

तिसरी वाट प्ली बार्गेनिंगची, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेसाठी कोर्टामार्फत तडजोड करण्याची. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. ही सोय 5 जुलै 2006 पासून आहे. 1 जुलै 2024 ला नवी संहिता आली, तेव्हापासून ती कलम 289 ते 300 मध्ये आहे. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांपेक्षा जास्त कैद असलेले गुन्हे यात येत नाहीत. बाईवर किंवा मुलावर केलेले गुन्हे नाहीत, आणि हुंडा, अॅट्रॉसिटी असे सरकारनं वेगळे काढलेले कायदेही नाहीत. यात कोर्टानं दिलेला निकाल अंतिम असतो. कलम 295 सरळ सांगतं की त्यावर कुठल्याही कोर्टात अपील नाही. शिक्षेपुरतंही नाही. उरतं ते हायकोर्टातलं रिट आणि सुप्रीम कोर्टातली विशेष परवानगीची याचिका. आपल्याला हायकोर्ट म्हणजे धारवाडचं खंडपीठ. लोंढा-अळणावर करत रेल्वेनं जाता येईल, पण तिथं कुणी पुरावा नव्यानं तोलत बसत नाही. कबुली खुषीची होती का, पद्धत पाळली का, असल्या मुद्द्यांवरच बोलता येतं.

मग लोक या वाटेला जातात कशाला? हिशेब बघा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागं दिवा नाही, मोटारसायकलवाला धडकून मेला. निष्काळजीपणानं मृत्यू, गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या न्याय संहितेचं कलम 106, जास्तीत जास्त पाच वर्षं. प्ली बार्गेनिंगमध्ये कोर्टाला त्याच्या चौथ्या हिश्श्याची, म्हणजे सव्वा वर्षाची शिक्षा देता येते. आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर सहाव्या हिश्श्याची, म्हणजे दहा महिन्यांची. मृताच्या घरच्यांना भरपाई त्याच बैठकीत ठरते. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्याचा विचारही कोर्ट करू शकतं. पुरावा तुमच्या विरोधात भक्कम असेल तर सौदा वाईट नाही. साक्षीदार डळमळीत असतील तर मात्र अपिलावर पाणी सोडण्याआधी वकिलाला एकच विचारा: ‘खटला चालवला तर सुटण्याची आशा किती?’ उत्तर गोलगोल आलं तर दुसऱ्या वकिलाला कागद दाखवा.

अर्ज चार्ज फ्रेम झाल्यापासून 30 दिवसांत द्यायचा. सोबत तुमचं शपथपत्र: शिक्षा काय होऊ शकते ते समजून घेतलंय, अर्ज स्वखुषीनं देतोय, याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली नाही. हे शपथपत्र आमच्याकडं कन्नडमध्ये टाइप होऊन येतं आणि क्लार्क बोट ठेवून म्हणतो, ‘इथं सही.’ थांबा. ओळ न् ओळ मराठीत वाचून घ्या. ‘तप्पोप्पिगे’ म्हणजे कबुली, ‘राजी’ म्हणजे समेट, ‘मेल्मनवी’ म्हणजे अपील. राजीनाम्याला आलोय अशा समजुतीत असाल आणि कागदावर ‘तप्पोप्पिगे’ असेल, तर पेन खाली ठेवा.

त्यानंतर न्यायाधीश तुम्हाला एकट्याला विचारतात. सरकारी वकील नाही, फिर्यादी नाही. कुणी दमात घेतलंय का, हे बघण्यासाठीच ती वेळ असते. आमची माणसं तिथं नुसती मान हलवतात. कन्नड नीट येत नसेल तर तसं सांगा, दुभाषी मागा. मनात शंका असेल तर तिथंच बोला. अर्ज स्वखुषीचा नाही असं दिसलं तर खटला पुढं रीतसर चालतो, आणि अर्जात जे कबूल केलंय ते तुमच्याविरुद्ध दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही, कलम 299. कोर्टाला तो खुषीचा वाटला तर तडजोडीला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात.

‘साहेबांशी बोलणं झालंय, दंडावर सुटशील’ असल्या तोंडी भरवशाला मात्र काडीची किंमत देऊ नका. कर्नाटकातल्याच थिप्पेस्वामी खटल्यात हलक्या शिक्षेच्या आशेवर कबुली दिली गेली आणि वरच्या कोर्टानं शिक्षा वाढवली. सुप्रीम कोर्टानं तेव्हा बजावलं की असं आमिष दाखवून कबुली घ्यायची आणि पुढं शिक्षा वाढवायची, हे घटनेच्या कलम 21 च्या विरुद्ध आहे. पण तेवढं ऐकायला त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

अमेरिकेत तर सौद्याच्या करारातच ‘अपील करणार नाही’ असं कलम घालतात. तिथल्या फेडरल कोर्टात न्यायाधीशानं ते कलम आरोपीला समोरासमोर समजावून सांगावं लागतं. आपल्याकडं वेगळा करार लागत नाही, कायदाच अपील बंद करतो. म्हणून कुणी समजावून सांगेल याची वाट न बघता आपणच विचारायचं.

वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा किंवा तालुका कायदा सेवा समितीकडं जा. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना वकील फुकट मिळतो. उत्पन्न विचारत नाहीत. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रतही लगेच फुकट मिळते, ती त्याच दिवशी मागून घ्या. हिंडलग्याच्या जेलमध्ये आधी काढलेले दिवस शिक्षेतून वजा केलेत का, ते त्या प्रतीवरूनच तपासता येतं.