मानसिक रुग्णाच्या घरी पाठपुराव्याची भेट : मराठवाड्यातील परिचारिकांसाठी मार्गदर्शन

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचा रुग्ण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून गावी परततो, तेव्हा पुढील अनेक वर्षांच्या पाठपुराव्याचा भार प्रत्यक्षात उपकेंद्रातील परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांच्यावर येतो. राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे येथे घरभेटीचे मोल अधिक आहे. ती भेट कशी करावी, हे पुढे सांगितले आहे. त्यातही उन्हाळा आणि ऊसतोडणीचे स्थलांतर या दोन बाबींवर भर दिला आहे, कारण या प्रदेशात उपचार बिघडतात ते बहुधा याच काळात, आणि सर्वसाधारण पाठ्यपुस्तकांत त्यांची फारशी दखल नसते.

घरी जाण्यापूर्वी केसपेपर वाचून निदान, सध्याच्या गोळ्या व त्यांची मात्रा, पुढील तपासणीची तारीख आणि पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला आहे का, हे पाहून ठेवावे. गावात कोणी विचारल्यास अमुक घरी कशासाठी जात आहोत हे सांगू नये. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची आणि बाळंतिणीची तपासणी त्याच फेरीत केली, तर भेटीकडे कोणाचे विशेष लक्ष जात नाही. घरात गेल्यावर आधी रुग्णाशी बोलावे, मग नातेवाइकांशी. बहुतेक घरांत आई किंवा भाऊच उत्तरे देऊ लागतात आणि रुग्ण भिंतीला टेकून गप्प बसतो, अशा वेळी नातेवाइकांना आदराने थांबवून, "दादा, तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?" असे थेट विचारावे.

पहिला प्रश्न झोपेचा असावा. झोपेविषयी बोलायला कोणाला संकोच वाटत नाही, आणि आजार उलटण्याची पहिली खूणही बहुधा झोपेतच दिसते. त्यानंतर जेवण, अंघोळ, शेतातले किंवा घरातले काम, लोकांत मिसळणे, संशय, कानात आवाज येणे, अशा क्रमाने विचारत जावे. बोलत असतानाच कपडे, केस, नजर, बोलण्याचा वेग आणि विचारांची सुसंगती यांचे निरीक्षण होते. त्यासाठी वेगळी परीक्षा घेत असल्याचा आव आणण्याची गरज नाही.

गोळ्या नियमित घेतो का, असे विचारल्यास उत्तर बहुधा "हो" असेच येते. म्हणून गोळ्यांची पाने मागवून घ्यावीत आणि उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. गोळ्या जास्त उरल्या असतील तर रागावू नये, कारण शोधावे. हात थरथरतात, जीभ जड होते, वजन वाढते, सकाळी डोळे उघडत नाहीत, लैंगिक अडचण येते, गोळ्या संपल्या पण तालुक्याला जायला भाड्याचे पैसे नव्हते, किंवा बरे वाटले म्हणून बंद केल्या, यांपैकी प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. रुग्णाला दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगावे आणि अंगणात दहा पावले चालायला लावावे. बोटांची थरथर, चालताना न हलणारे हात, लहान पावले आणि भावहीन चेहरा दिसल्यास तो औषधाचा परिणाम असू शकतो. मात्रा कमी केल्यास किंवा ट्रायहेक्सीफेनिडिल दिल्यास तो सुधारतो. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा आहे.

औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांमध्ये, मान एका बाजूला वळून ताठ होणे, जबडा आवळणे किंवा डोळे वर जाऊन तिथेच अडकणे असा प्रकार होतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि ते देवऋषीकडे धाव घेतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिल्यास सहसा अर्ध्या तासाच्या आत आराम पडतो. ही शक्यता घरच्यांना आधीच सांगून ठेवणे हे परिचारिकेचे काम आहे, आणि मी त्याला फार महत्त्व देतो: न सांगितलेला एक दुष्परिणाम घडला की त्या घराचा गोळ्यांवरचा विश्वास कायमचा उडू शकतो.

फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारखे दीर्घकाळ काम करणारे इंजेक्शन साधारण दोन ते चार आठवड्यांनी द्यावे लागते. औषध तेलकट असल्याने सुई व सिरिंज पूर्ण कोरडी असावी. ते कुल्ल्याच्या स्नायूत खोल, त्वचा बाजूला ओढून धरून द्यावे व नंतर ती जागा चोळू नये. पुढील तारीख केसपेपरवर आणि घरातील दिनदर्शिकेवर, दोन्हीकडे लिहावी.

उन्हाळ्यात काय पाहावे

लिथियम हे बायपोलर आजारातील औषध घेणाऱ्या रुग्णासाठी मार्च ते जून हा धोक्याचा काळ आहे. घामाने शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि नेहमीच्याच मात्रेत विषबाधा होऊ शकते. रक्तातील पातळी साधारणपणे 0.6 ते 1.2 mEq/L या मर्यादेत ठेवली जाते, 1.5 च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. जुलाब, उलट्या, हातांची जाड थरथर, अडखळते बोलणे, झोकांड्या जाणे किंवा गुंगी यांपैकी काही दिसल्यास पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क करावा आणि रक्त तपासायला पाठवावे. नेहमीच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घेतात. विषबाधेचा संशय असताना मात्र तेवढे थांबू नये. अंग दुखते म्हणून खासगी दवाखान्यात डायक्लोफिनॅक घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि डायक्लोफिनॅक व आयबुप्रोफेन दोन्ही लिथियमची पातळी वाढवतात. त्याऐवजी पॅरासिटामॉल मागावे, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. रक्तदाब वाढला म्हणून मीठ एकाएकी तोडल्यानेही पातळी चढते. निर्जळी उपवास किंवा रोजा धरायचा असल्यास त्याविषयी आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. श्रद्धेला हात न लावता ही गोष्ट समजावता येते, आणि तशीच ती समजावावी.

स्किझोफ्रेनियाच्या काही औषधांनी व ट्रायहेक्सीफेनिडिलने घाम कमी येतो, म्हणून असे रुग्ण उष्माघाताला लवकर बळी पडतात. शेतातील काम सकाळी उरकावे व दुपारी सावलीत थांबावे. मात्र ताप, अंगाचा कमालीचा ताठरपणा आणि भ्रम ही तिन्ही एकत्र दिसल्यास "ऊन लागलं" म्हणून कांदा चोळत बसू नये. ही औषधाची जीवघेणी प्रतिक्रियाही असू शकते; औषध थांबवून 108 रुग्णवाहिकेने तातडीने रुग्णालयात हलवावे.

ऊसतोडणीला जाण्याआधी

बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. म्हणून पितृपक्षातच आपल्या यादीतील कोणता रुग्ण, किंवा कोणत्या रुग्णाचा सांभाळ करणारी व्यक्ती, कारखान्यावर जाणार आहे हे आशाताईंकडून कळून घ्यावे. दुसरा प्रकार अधिक दुर्लक्षित राहतो: मुलगा-सून कोयता घेऊन जातात आणि आजारी सासू गावी एकटी राहते, तिच्या गोळ्यांकडे पाहणारे कोणीच नसते. अशा वेळी शेजारच्या घरातील एका विश्वासू व्यक्तीला रुग्णाच्या संमतीने जबाबदारी द्यावी.

जाणाऱ्या रुग्णासाठी डॉक्टरांकडून शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या लिहून घ्याव्यात. निदान, औषधे आणि इंजेक्शनच्या तारखा असलेला एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावा, आणि कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तेथील सरकारी रुग्णालयाचे नाव त्यावर लिहावे. फोन नंबर बायकोचा किंवा भावाचा घ्यावा. मुकादमाला काहीही कळवू नये. आजार कळल्यास पुढील वर्षीची उचल नाकारली जाण्याची भीती खरी असते. फडात पहाटे काम सुरू होते आणि गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावे लागते. झोप तुटणे हे बायपोलर रुग्णात उन्मादाचे झटके सुरू होण्याचे मोठे कारण आहे, म्हणून गाडी भरण्याची पाळी त्याच्यावर न टाकता भावाने घ्यावी, असे कुटुंबाशी बोलून ठरवून घ्यावे. झोपेची गुंगी आणणारी गोळी कोणत्या वेळी घ्यायची, हेही डॉक्टरांना कामाच्या वेळा सांगून आधी ठरवावे. टोळी परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात भेट द्यावी व लिथियम चालू असल्यास रक्त तपासून घ्यावे.

जिवाला धोका वाटल्यास

आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा समज चुकीचा आहे. "असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं कधी वाटतं का?" येथून सुरुवात करून, विचार किती वेळा येतो, काही ठरवले आहे का, साधन घरात आहे का, इथपर्यंत शांतपणे जावे. उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णाला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे घरातून व शेतातील आखाड्यावरून काढून दुसऱ्याच्या कुलपात ठेवायला लावावीत. गोळ्यांची पानेही घरच्यांच्या ताब्यात असावीत. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. आधी प्रयत्न झालेला असेल, तर घरचे लोक पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. त्यांना सांगावे की मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 115 नुसार, अन्यथा सिद्ध न झाल्यास, ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिला शिक्षा होत नाही.

साखळीने बांधलेला रुग्ण आढळला, तर घरच्यांवर ओरडून काही साधत नाही. ते बहुतेकदा थकलेले आणि घाबरलेले असतात. याच कायद्याच्या कलम 95 ने साखळदंड घालण्यास पूर्ण मनाई आहे, हे सांगतानाच पर्यायही हातात द्यावा: त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावणे, औषध सुरू करणे आणि रुग्णालयात नेण्यासाठी वाहन ठरवणे. साखळी काढल्यावर मनगट व घोट्यावरील जखमा स्वच्छ करून पट्टी बांधावी, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या घरी जावे.