मोफत डेटिंग साइट निवडताना खासगीपणा कसा जपावा

डेटिंग साइटवर नाव नोंदवताना माणूस स्वतःबद्दल जे लिहितो, ते तो बँकेला, कार्यालयाला आणि अनेकदा घरच्यांनाही सांगत नाही. कोणाबद्दल ओढ वाटते, आधीचे नाते कसे संपले, जात मानतो की नाही, दारू घेतो की नाही, रात्री कोणत्या वस्तीत असतो, हे सारे एका खात्यात साठते. म्हणून साइटवर सदस्य किती आहेत हे पाहण्याआधी आपली माहिती कोणाकोणाच्या हाती जाणार हे पाहायला हवे, आणि तेही नोंदणी करण्यापूर्वी. कारण एकदा ओटीपी टाकून फोटो अपलोड केले की आपल्या हातात फारसे काही उरत नाही.

सर्वांत आधी खाते कायमचे पुसता येते का, ते पाहावे. साइटच्या मदत-विभागात खाते ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ करणे आणि ‘डिलीट’ करणे यांत फरक केलेला आहे का, डिलीट केल्यावर फोटो आणि संदेश किती दिवसांत सर्व्हरवरून जातात आणि त्यासाठी पैसे भरावे लागतात का, हे शांतपणे वाचावे. अ‍ॅश्ली मॅडिसन ही कॅनडातील साइट खाते पूर्ण पुसण्यासाठी १९ डॉलर घेत असे. २०१५ च्या जुलैमध्ये तिची माहिती चोरीला गेली आणि ऑगस्टमध्ये तीन कोटींहून अधिक खात्यांचा तपशील इंटरनेटवर पसरला, तेव्हा पैसे मोजून बाहेर पडलेल्यांपैकी काहींच्या नोंदीही त्यात सापडल्या. २०२२ च्या मध्यापासून अ‍ॅपलने खाते उघडता येणाऱ्या अ‍ॅपमध्येच ते पुसण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे ही सोय नसण्याला आज कोणतीही सबब चालणार नाही. फोनमधून नुसते अ‍ॅप काढून टाकले तर खाते तसेच राहते, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर साइट पैसे कुठून मिळवते ते तपासावे. सशुल्क सदस्यत्व विकून मोफत सदस्यांचा खर्च भागवणारी साइट आणि मुख्यतः जाहिरातींवर चालणारी साइट यांत पहिली तुलनेने बरी, परंतु अनेक साइट दोन्ही मार्ग वापरतात. गोपनीयता धोरण बहुधा इंग्रजीत आणि लांबलचक असते. ते संपूर्ण वाचणे होत नसेल, तर पानावरील शोधाची सोय वापरून शेअर, सेल, पार्टनर्स, अ‍ॅफिलिएट्स, रिटेन (माहिती राखून ठेवणे) हे शब्द कुठे येतात ते पाहावे आणि त्या शब्दांच्या आसपासचे परिच्छेद तरी नीट वाचावेत. ‘अ‍ॅफिलिएट्स’ म्हणजे त्याच समूहातील संलग्न कंपन्या, आणि हा अर्थ येथे महत्त्वाचा आहे, कारण टिंडर, ओकेक्युपिड, हिंज आणि प्लेन्टी ऑफ फिश या वेगवेगळ्या वाटणाऱ्या सेवा मॅच ग्रुप या एकाच समूहाच्या आहेत. जाहिरातदारांना काय दिले जाऊ शकते, हे समलिंगी व इतर एलजीबीटी व्यक्तींसाठीच्या ग्राइंडर या डेटिंग अ‍ॅपच्या प्रकरणात दिसले. नॉर्वेच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये या अ‍ॅपला ६.५ कोटी क्रोनरचा दंड ठोठावला, कारण मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांचे ठिकाण, वय आणि लिंग ही माहिती वैध संमतीशिवाय जाहिरात कंपन्यांकडे गेली होती. आणि एखादी व्यक्ती त्या अ‍ॅपवर आहे एवढे कळणेसुद्धा तिच्या लैंगिकतेविषयी संवेदनशील माहिती उघड करते, अशी प्राधिकरणाची भूमिका होती.

प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवर माहितीच्या वापराची जी पट्टी दिसते ती अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेली असते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये कोणते ट्रॅकर, म्हणजे वापरणाऱ्याची माहिती टिपून इतर कंपन्यांना पाठवणारे कोड, आहेत हे एक्सोडस प्रायव्हसी या फ्रान्समधील ना-नफा संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. मोझिला फाउंडेशनने २०२४ मध्ये तपासलेल्या २५ डेटिंग अ‍ॅपपैकी २२ अ‍ॅपना खासगीपणाबाबत धोक्याचा शेरा दिला, यावरून निवडीला वाव किती थोडा आहे ते कळते. अलोव्होआसारखी मुक्त-स्रोत (जिचा कोड कोणालाही तपासता येतो अशी), जाहिरात नसलेली सेवाही आहे. मात्र अशा छोट्या सेवेवर आपल्या गावाजवळचे कोणी भेटण्याची शक्यता कमी असते, म्हणून बहुतेकांना मोठी साइटच घ्यावी लागते, आणि मग तिला काय द्यायचे नाही हे ठरवणे अधिक महत्त्वाचे होते.

नोंदणीच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या परवानग्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. लोकेशनचेच घ्या. २०१४ मध्ये उघड झालेल्या एका त्रुटीनुसार टिंडरचा सर्व्हर दोन सदस्यांमधील अंतर फारच नेमके कळवत होता; तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून ते अंतर मोजले, की समोरची व्यक्ती नकाशावर कुठे आहे हे जवळपास अचूक काढता येत होते. ती त्रुटी दुरुस्त झाली, पण अंतर दाखवणाऱ्या प्रत्येक सेवेत हा धोका दडलेला असतो. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून ‘अंदाजे’ लोकेशन देण्याचा पर्याय आहे. तो निवडावा, किंवा ब्राउझरमधून साइट वापरून शहराचे नाव हाताने भरता येत असेल तर ते आणखी चांगले. पुण्या-मुंबईत ‘दोन किलोमीटरवर’ म्हणजे हजारो माणसे असतात, तर तालुक्याच्या गावी तेवढ्यात अर्धे गाव येते, म्हणून लहान गावात राहणाऱ्यांनी अंतर लपवता येणारीच साइट घ्यावी. फोनमधील संपर्कांची परवानगी शक्यतो नाकारावी. ओळखीच्यांनी आपल्याला पाहू नये म्हणून काही अ‍ॅप संपूर्ण यादी मागतात, परंतु त्यात ज्यांनी होकार दिलेला नाही अशा माणसांचे क्रमांकही जातात. निवडक क्रमांक हाताने भरता येत असतील, तर सोय तीच राहते आणि यादी आपल्याकडेच राहते.

ओळखपत्राच्या मागणीचा वेगळा विचार करावा लागतो. पडताळणीमुळे बनावट प्रोफाइल कमी होतात हे खरे असले, तरी ती कागदपत्रे नंतर कुठे राहतात हे विचारलेच पाहिजे. स्त्रियांनी पुरुषांविषयी सावध करणारी माहिती एकमेकींना द्यावी यासाठी निघालेल्या ‘टी’ या अमेरिकी अ‍ॅपमधून २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे ७२ हजार छायाचित्रे बाहेर पडली, आणि त्यांतील सुमारे १३ हजार सेल्फी व ओळखपत्रांची छायाचित्रे पडताळणीसाठी दिलेली होती. आधार मागणाऱ्या साइटपासून दूर राहणेच बरे. देणे भागच पडले, तर शेवटचे चार अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे.

साइट ठरली तरी प्रोफाइल भरताना हात आखडता ठेवावा. लग्नासाठीच्या बायोडाट्यात आडनाव, मूळ गाव, जन्मवेळ, वडिलांचा व्यवसाय लिहिण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की तोच मजकूर येथेही उतरतो. ‘कोथरूड, अमुक कॉलेज, २०१९ ची बॅच, हिंजवडीत डेटा अ‍ॅनालिस्ट’ एवढ्यावरून लिंक्डइनवर नेमकी व्यक्ती शोधता येते. त्याऐवजी ‘पुणे, आयटी, रविवारी किल्ल्यांवर’ असे लिहिले तरी ओळख होण्यापुरते ते पुरते. आडनाव टाळावे, आणि इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला लावलेला फोटो येथे वापरू नये, कारण गूगल लेन्सने तो फोटो आधी कुठे आला आहे ते सापडू शकते. खात्यासाठी वेगळा ईमेल घ्यावा, आणि भेट होऊन विश्वास बसेपर्यंत बोलणे साइटच्या आतच ठेवावे, कारण मोबाइल क्रमांक दिला की यूपीआयवर आपले पूर्ण नाव दिसू शकते.

शेवटी, तक्रार कोणाकडे करायची ते आधीच पाहून ठेवावे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार अशा सेवांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. ते नाव सापडत नसेल, तर ती साइट वगळावी. सापडले, तर त्या ईमेलवर खात्यातील माहिती पुसण्याविषयी एक साधा प्रश्न पाठवून उत्तर येते का ते पाहावे. कोणी खासगी फोटोंवरून धमकावून पैसे मागितले, तर पैसे देऊ नयेत, संभाषणाचे स्क्रीनशॉट जपावेत आणि १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर लगेच तक्रार करावी. फोटो पसरण्याची भीती असल्यास स्टॉप एनसीआयआय ही मोफत सेवा वापरता येते. तिला मूळ फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच तिच्याशी जोडलेल्या समाजमाध्यमांकडे जातो.