डोक्यावर हात ठेवला की पेटणारा भस्मासुर

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गणपतीत मुलांचं नाटक ठरलं की त्यातला दैत्य माझ्याकडे येतो. भाड्याने पोशाख मिळतात, पण भाड्याचा राक्षस म्हणजे सॅटिनचा चकचकीत झगा, प्लास्टिकची शिंगं आणि अंगभर लुकलुकणारी माळ. माझे वडील हुकुमचंद मिलच्या झांकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या दिव्यांच्या देखाव्याचं, वायरिंग करायचे. ती मिल १९९१ साली बंद पडली, अनंत चतुर्दशीची झांकी मात्र निघत राहिली. ते म्हणायचे, राक्षसाला शंभर दिवे लावले की त्याचा लग्नाचा मांडव होतो. म्हणून माझा नियम असा: अंग काळं, दिवे दोनच जागी आणि तेही वेळ आल्यावरच.

त्यासाठी भस्मासुरासारखा दैत्य नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म, हा शंकराचा वर आणि शेवटी मोहिनीच्या नादाने नाचताना स्वतःच्याच डोक्यावर ठेवलेला हात. (भागवतात हाच दैत्य वृकासुर म्हणून येतो आणि तिथे विष्णू बटूचं रूप घेतात, पण मोहिनीचा नाच काढून टाकला तर आमच्याकडच्या निम्म्या मुली नाटक सोडतील.) तेव्हा तळहात पेटला पाहिजे आणि तो हात डोक्यावर गेला की कपाळ पेटलं पाहिजे. मागून कुणी बटण दाबायचं नाही.

आधी मुखवटा, कारण पावसाळ्यात वाळायला तोच वेळ खातो. मूर्तीची उरलेली शाडू पालथ्या पातेल्यावर थापून चेहरा घडवा: भुवया चांगल्या दोन बोटं पुढे आलेल्या, नाक रुंद, गालाची हाडं वर. तोंड आणि हनुवटी नकोच. अर्धा मुखवटा असला की मुलाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि श्वासही कोंडत नाही. शाडूवर पातळ प्लास्टिक ताणून घ्या, नाहीतर कागद सुटणार नाही.

कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड एकमेकीत मिसळते, कापलेली कड रंगातूनही दिसते. मैद्याची खळ शिजवा, त्यात चमचाभर मेथीपूड घाला. मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे आणि मुखवटा मुलाच्या तोंडाजवळ असतो. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा वहीच्या कोऱ्या कागदाचा, म्हणजे कुठे झाकायचं राहिलं ते लगेच कळतं. एका बैठकीत तीनच थर. मग रात्रभर टेबलफॅनसमोर. आतला थर ओला असताना वर आणखी चढवलेत तर चौथ्या दिवशी मुखवट्याला बुरशीचा वास येतो आणि कुठलंच मूल तो घालत नाही. सात-आठ थर पुरतात.

आता डोळे. मुलाच्या डोळ्यांजवळ एलईडी बसवायचे नाहीत. उजेड त्याच्याच डोळ्यांत गेला तर त्याला रंगमंचाची कड दिसणार नाही. राक्षसाचे डोळे भुवईच्या त्या जाड भागात कोरा आणि लाल एलईडी तिथेच बसवा; कपाळ पेटतं ते इथेच. मुलाने बघायच्या फटी त्याच्या खाली, भुवईच्या सावलीत, चांगल्या रुंद ठेवा आणि आतून काळी नेट चिकटवा. आतल्या अंधारातून बाहेरचं दिसतं, प्रेक्षकांना आतलं दिसत नाही. एलईडीच्या मागे आणि खाली काळी टेप भरपूर लावा. काच-पेपरने एलईडीचा माथा घासला की टोकदार ठिपक्याऐवजी निखाऱ्यासारखा मऊ उजेड पसरतो.

सामान महाराणी रोडवर मिळतं: लाल आणि पिवळे एलईडी, १५० ओहमचे रेझिस्टर (एलईडीतला प्रवाह आवरतात ते), तीन छोट्या पेन्सिल सेलचे दोन डबे, बारीक वायर, तांब्याची चिकटपट्टी. दुकानदार रिमोटवाली रंगीत स्ट्रिप गळ्यात मारायला बघेल. घेऊ नका.

हिशेब सोपा आहे. तीन सेलचे साडेचार व्होल्ट. लाल किंवा पिवळा एलईडी त्यातले साधारण दोन घेतो, उरलेले अडीच रेझिस्टरवर; १५० ओहमला सोळा-सतरा मिलीअँपियर येतात. एलईडीला झेपणाऱ्या वीसच्या आत, म्हणून ठीक. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्या. लांब पाय प्लसकडे. निळा किंवा पांढरा तीन व्होल्टच्या वर घेतो, त्याला हा हिशेब लागू नाही. तसाही भस्मासुर निळा पेटला तर ट्यूबलाइटच.

डोक्यासाठी जुनी सुती टोपी घ्या, तिच्यावर काळ्या लोकरीचे केस शिवा, पण माथा मोकळा ठेवा. सेलचा डबा मागे मानेवर, म्हणजे पुढच्या मुखवट्याचं वजन तोलतं. डब्याच्या प्लसपासून रेझिस्टर, एलईडी आणि तिथून निघालेली वायर माथ्यावरच्या एका तांब्याच्या पट्टीला. डब्याच्या मायनसची वायर दुसऱ्या पट्टीला. दोन पट्ट्यांत एक सेंटिमीटर अंतर. बस, सर्किट इथेच तुटलेलं ठेवायचं. ते जोडायचं काम हाताचं. स्टीलचा चमचा दोन्ही पट्ट्यांवर आडवा ठेवून बघा. कपाळ पेटलं की जोडणी बरोबर. नाही पेटलं तर बहुधा एलईडी उलटा लागलाय.

हातमोजा आपल्या मुली उन्हात स्कूटीवर घालतात तो, कोपरापर्यंतचा, काळा. बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, पुठ्ठ्याच्या आडव्या पट्टीवर तांब्याची पट्टी गुंडाळून शिवा. डोक्यावर हात टेकला की हीच त्या दोन पट्ट्या जोडते. हात आणि डोकं यांच्यात एकही वायर नाही, त्यामुळे नाचताना काही ओढलं जात नाही. तळव्याच्या मध्यावर तीन पिवळे एलईडी, वर बटर पेपरची चकती. त्यांचा डबा दंडाला इलॅस्टिकने. त्यांचं बटण म्हणजे धातूचं टिच बटण: एक भाग अंगठ्याच्या टोकाला, दुसरा तर्जनीच्या कडेला, वायर त्यांच्या भोकांतून ओवून वर टाके. अंगठा टेकवला की तळवा जळतो, सोडला की विझतो. मुलं हे दोन मिनिटांत शिकतात आणि मग घरी जेवतानाही करत बसतात.

कपड्यांत फार जीव घालू नका. काळं सुती कापड, खांद्यांत स्पंज, कमरेला शीतलामाता बाजारातून आणलेल्या किंवा आईच्या जुन्या साडीच्या काठाचा पट्टा. मॅट काळा रंग मुखवट्यालाही. भुवईच्या कडांना थोडा गेरू फिरवा. घोटा झाकणारा झगा नको, पायात येतो.

बटणासारखे चपटे सेल मात्र घरात लहान मूल असेल तर आणूच नका, गिळले तर अन्ननलिका जळते. मोबाइलची काढलेली बॅटरीही नको. कापूर, फुलबाजी, पावडरचा धूर यांपैकी काहीही नाही. भस्माचा देखावा उजेडच करतो: हात डोक्यावर, कपाळ लाल, मुलगा मनात पाच मोजतो, गुडघ्यांवर येतो, हात आपोआप घसरतो आणि दिवा जातो. मंचाचे दिवे त्या क्षणी निम्मे करायला सांगा, नाहीतर ही सगळी मेहनत तिसऱ्या रांगेपलीकडे दिसणार नाही.

पूर्ण पोशाखात एक तालीम हवीच, तीही पायऱ्या चढून-उतरून. गुदमरलं तर दोन्ही हात आडवे पसरायचे, ही खूण मोहिनीला आधी शिकवून ठेवा, कारण तेव्हा सगळ्यात जवळ तीच असते. नाटक संपलं की सेल काढून टाका. डब्यात राहिले तर वर्षभरात पाझरून पत्र्या खातात. मुखवटा कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात, माळ्यावर नाही, कपाटात.