रॉडवरचा काळा पट्टा

ओडिशातल्या एका ॲल्युमिनियम स्मेल्टरच्या (ॲल्युमिनियम तयार करणाऱ्या कारखान्याच्या) रॉडिंग शॉपमध्ये, म्हणजे अॅनोडला रॉड जोडण्याच्या विभागात होतो, तेव्हाची गोष्ट. पॉटमधून, म्हणजे विजेवर ॲल्युमिनियम बनवणाऱ्या भट्टीतून परत आलेले अॅनोड रॉड (कार्बनच्या अॅनोडला वीज पोचवणारे धातूचे दांडे) आमच्या मशीनमध्ये तारांच्या ब्रशांनी घासले जात. रॉडचा हा भाग पुढे पॉटवरच्या वीज वाहणाऱ्या बीमला आवळतात. तिथे मळ राहिला की वीज फुकट जाते आणि जोड तापतो.

एका पाळीत रॉडच्या एकाच बाजूला काळा पट्टा राहू लागला. हेल्पर म्हणाला, "दादा, झाकण उघडून ब्रश जरा पुढे ढकलू का?" मी त्याच्यावर ओरडलोच.

मेन स्विच बंद करून माझं कुलूप आणि टॅग लावला. स्टार्ट दाबून पाहिलं, मशीन गप्प. पण ब्रश रॉडवर दाबणाऱ्या सिलिंडरमध्ये दाबाची हवा होतीच! वीज तोडली म्हणून ती जात नाही, आणि नेमकं हेच लोक विसरतात. हवेच्या व्हॉल्व्हलाही कुलूप घातलं, अडकलेली हवा सोडली, गेज शून्यावर आल्यावरच झाकण उघडलं.

ब्रश ठणठणीत होता. सिलिंडरच्या गाइडमध्ये, म्हणजे त्याच्या सरकण्याच्या वाटेत, बाथची (पॉटमधल्या वितळलेल्या क्षारांची) थिजलेली पूड दगडासारखी बसली होती, म्हणून ब्रश रॉडला नीट टेकत नव्हता. तिच्यात फ्लोराइड असतं, म्हणून मास्क लावून खरवडली आणि व्हॅक्यूमने ओढली. हवेचा फवारा मारला असता तर सगळी पूड आमच्याच नाकात!

झाकण लावलं, हत्यारं मोजली, मग माझी दोन्ही कुलपं मीच काढली. तिसऱ्या रॉडला पट्टा गायब. गाइडची सफाई तेव्हापासून दर आठवड्याला करायची, असं लिहून ठेवलं.